यमुनाबाईंच्या फोटोचा कागद

८ मार्च १९६६, मंगळ.

मुंबईचं पार्सल आलं. हे नांदुरा स्टेशनावरून सायकलला बांधून घेऊन आले. देशी कागद, चकचकीत, पातळ. मागच्या वेळीच सांगितलं होतं, मोठ्या फोटोला पातळ नको, ओला झाला की स्वतःच्याच वजनाने फाटतो. "जाड मिळूनच नाई राह्यला," म्हणाले. परदेशी तर बंदच. परवाना नसलेल्या माणसाला कोण देतो.

कापसाचे जिन अजून चालू आहेत. स्टेशन रोडभर रुईचे तंतू. निगेटिव्हवर एक बसला की फोटोत पांढरा केस उमटतो. मग बसा रंगवत.

ह्यांच्या हाताला पुन्हा खाज. डेव्हलपरची बाटली नुसती उचलून ठेवली, तेवढ्याने. खामगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की या औषधाला बोट लावू नका. तेव्हापासून अंधारखोली माझी. काउंटरवर मात्र "मीच बसून केला". आज एका नवरदेवाच्या बापाला तेच सांगत होते. मी पडद्यामागे, हातात कात्री.

१३ मार्च, रवि.

जिनवाल्या शेटजींनी ह्यांना बोलावलं होतं. त्यांच्या ट्रस्टचं बाळंतिणींचं हॉस्पिटल बांधून होत आलंय, अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की उद्घाटन. समोरच्या हॉलमध्ये दोन फोटो लावायचे. एक शेटजींच्या वडलांचा. एक यमुनाबाईंचा. दोन्ही वीस बाय चोवीस इंच.

यमुनाबाई गवई, आमच्या नर्सबाई. दिवाळीत काविळीने गेल्या. इथल्या निम्म्या पोरांना पहिला हात त्यांचा लागलेला. शेटजींच्या मनात त्यांचा फोटो नव्हता. बायांनी शेटाणीबाईंना धरलं, आणि शेटाणीबाईंची सगळी मुलं यमुनाबाईंच्याच हातची. नाही म्हणता येईना.

फोटो एकच आहे. मी काढलेला. सासूबाईंना इंजेक्शन द्यायला आल्या होत्या तेव्हा आमच्या अंगणात, पायरीवर बसवून. मांडीवर पिशवी. नको नको म्हणत होत्या. "माहा फोटो कायले? घाम पुसू दे तरी." मी पुसू दिला नाही.

म्हणून तो चांगला आला.

१५ मार्च, मंगळ.

दुपारी दुकान बंद असताना चाचणी केली. नव्या कागदाची एक पट्टी कापून यमुनाबाईंच्या चेहऱ्यापुरती छापून पाहिली.

वाईट. कागद कडक आहे. काळं आणि पांढरं एवढंच त्याला कळतं, मधलं काही नाही. यमुनाबाई काळ्या. चांगल्या काळ्या, उन्हात तांब्याची झाक मारायची. या कागदावर नुसता डाग आणि डागात डोळ्यांचं पांढरं. प्रकाश कमी दिला तर लुगडं उडतं, कपाळ राखेसारखं होतं.

ह्यांना दाखवली. म्हणाले, "निगेटिव्हवर थोडा रंग मार ना चेहऱ्यावर. उजळ येईन. सगळेच मारतात."

खरं आहे. सगळे मारतात. मी स्वतः किती पोरींना मारलाय, स्थळं बघायच्या फोटोत. पोरगी सावळी, फोटो गोरा, मग पाहुणे घरी येऊन तोंड पाडून जातात.

यमुनाबाईंना कोणी बघायला येणार नाही आता.

१६ मार्च, बुध.

झोप नाही. त्या पट्टीवरचा डाग डोळ्यांपुढे.

माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा घरातल्या सगळ्या बाया मला सांगत होत्या, रडू नको, दुसरं होईल. यमुनाबाईंनी कोमट पाणी मागितलं. बाळाला धुतलं, पुसलं, दुपट्यात नीट गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. सासूबाई म्हणाल्या, देऊ नका तिला, जीव लावील. य.बा. म्हणाल्या, "लावू द्या. तिचंच आहे."

तेवढंच. त्या बाळाचा फोटो नाही. फोटोवाल्याच्या घरात.

२० मार्च, रवि.

य.बां.ची धाकटी बहीण आली. कांताबाई. धाड गावच्या शाळेत शिकवते. बुलढाण्याला एस.टी. बदलून आली, पदर धुळीने भरलेला. शेटजींकडून कळलं होतं म्हणे की फोटो होतोय.

हे पुढे सरसावून कागदाचे नमुने दाखवू लागले. चकचकीतवर बोट फिरवून, "पाहा मास्तरीणबाई, आरशासारखा."

ती म्हणाली, "आरशासारखा मले नको. यात मलेच मी दिसून राह्यली."

मग माझ्याकडे वळली. "वहिनी, तुम्ही काढला होता ना फोटो? अक्का सांगे."

हे नमुने गोळा करू लागले. मी हो म्हटलं. दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाने मान वर केली, परत खाली घातली.

मी तिला पट्टी दाखवली. लपवून काय उपयोग. उजेडाकडे धरून पाहिली. म्हणाली, "अशी नव्हती ती."

"उजळ करता येईन," हे म्हणाले.

"उजळ पण नव्हती." पट्टी काउंटरवर ठेवली. "आता सगळ्यायले ती डॉक्टरीणबाईसारखी दिसावी असं वाटून राह्यलं. मले ती अक्कासारखी दिसली पाह्यजे. जमन का?"

जमेल म्हटलं. कोणत्या जोरावर म्हटलं माहीत नाही.

चहा घेतला तिने. एस.टी. चुकेल म्हणून अर्धा ठेवून गेली.

२३ मार्च, बुध.

कपाटावरचा खोका. परदेशी कागद, जाड, बिनचमकेचा, किंचित सायीच्या रंगाचा. महाराष्ट्र झाला त्या साली हे मुंबईहून फोटो मोठा करायचं यंत्र घेऊन आले, त्याच्यासोबत आणला होता. पाच ताव उरलेत. "चांगल्या कामासाठी" म्हणून कोणाला हात लावू देत नाहीत. एवढ्या वर्षांत चांगलं काम आलंच नाही म्हणायचं.

आज विचारलं. म्हणाले, "ते शेटजीच्या वडलायसाठी ठेवले म्या."

मी म्हटलं, शेटजींच्या वडलांचा फोटो मूळचाच कडक आहे, स्टुडिओतला, पांढरा फेटा, काळा कोट. चकचकीतवर झकास येईल. मऊ कागद लागतो तो यमुनाबाईंना. कागद काम बघून लावायचा.

"काम पाहूनच लावतो. वर्षभर आपल्याले काम कोण देते? जिनचे फोटो, लग्नं, मुंजी, सगळं तठूनच. नर्सबाई काय देणार?"

त्यांचंही खोटं नाही. शेटजींनी तोंड फिरवलं तर पुढच्या पावसाळ्यात आम्ही काय खाणार. पण मग "चांगलं काम" हा शब्द तरी वापरू नये.

२७ मार्च, रवि.

हे लग्नाच्या फोटोंसाठी मेहकरला, दोन दिवस. जाताना खोक्याबद्दल काही बोलले नाहीत. घे असंही नाही, घेऊ नको असंही नाही.

घेतला.

खोका लाल दिव्यातच उघडला. इतका जुना कागद. कोपऱ्याची पट्टी कापून आधी प्रकाश न दाखवताच डेव्हलपरमध्ये टाकली. कडेला करडी आली. जुनेपणाने धुकं धरलंय. आत मात्र स्वच्छ. म्हणजे कडा कापून टाकायच्या, चित्र मधे बसवायचं. बसतं.

दुसरी पट्टी चेहऱ्यावर. लाल दिव्यात हळूहळू वर आली. गाल. गालाचं हाड. हाडाखालची सावली, आणि त्या सावलीतही कातडी दिसत होती. वरच्या ओठावरचा घाम.



२८ मार्च, सोम.

अख्खा दिवस अंधारखोलीत. आमच्या लेकीला, छबीला, शेजारी पाठवलं.

एवढ्या तावाला ट्रे नाही. कपडे भिजवायचं पत्र्याचं घमेलं घेतलं, ताव गुंडाळी करून पुढे-मागे फिरवत राहिले. यंत्र आडवं करून चित्र भिंतीवर पाडलं, कागद टाचण्यांनी ताणून. पहिला ताव गेला, मालगाडीने भिंत हलली आणि सगळं पुसट. दुसरा गेला, मीच घाईने वर काढला. दोन ताव. ह्यांना काय सांगू.

तिसरा आला.

इथलं पाणी खारं, शेवटचं धुणं त्यात केलं तर वाळल्यावर पांढरी पापुद्री धरते. गोडं पाणी आणलं होतं पलीकडच्या वाड्यांतून, पिण्याचं. ते सगळं त्यात घातलं. आज घरात प्यायला कालचं शिळं.

सतरंजीवर पालथा घालून वाळवला. लाल दिवा विझवून दार उघडलं. उजेडात पाहिला तेव्हा य.बा. पायरीवर बसलेल्या, पिशवी सांभाळून, आता उठून पुढच्या घरी जायचंय असा चेहरा.

मी चांगलं काम केलंय. इथेच लिहून ठेवते, बाहेर कुठे लिहिलं जाणार नाही.

२९ मार्च, मंगळ.

हे आले. फोटो जवळून पाहिला, मग मागे सरून. मला वाटलं आता ओरडतील.

"कागद कोणता घेतला?" माहीत असून विचारलं.

"तुमच्या खोक्यातला."

"किती गेले?"

"तीन."

पाणी प्यायले. मग म्हणाले, "हा मले जमला नसता." आणि बाहेर गेले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, असं पहिल्यांदा बोलले. आनंद व्हायला हवा होता. नुसतं थकल्यासारखं झालं.

६ एप्रिल, बुध.

शेटजींचे वडील चकचकीतवर काढले. काढले म्हणजे मी. उरलेले दोन मऊ ताव ह्यांनी समोर ठेवले होते, पण शेटजी स्वतः दुकानात आले आणि दोन्ही नमुने बघून म्हणाले, "ये चमकता है, ये लगाव. वो दूसरा बासी लगता है." ज्याच्यासाठी एवढं भांडण, तो शिळा.

यमुनाबाईंचा फोटो भिंतीला टेकून होता. शेटजींनी बघितला. 

"लई काळी दिसून राह्यली."

हे म्हणाले, "होत्याच तशा, शेटजी."

"होती ना, पर हॉल में लगानी है. बाहेरचे पाहुणे येणार."

विषय तिथेच राहिला. चौकटीसाठी काचवाल्याकडे दोन्ही गेले.

१५ एप्रिल, शुक्र.

कांताबाई कालच्या जयंतीला आल्या होत्या, नातेवाइकांकडे उतरल्या. आज दुकानात आल्या. फोटो काचवाल्याकडे होता, मी तिथे घेऊन गेले. त्यांनी पदराने काच पुसली. काच स्वच्छच होती.

परत येताना रेल्वेफाटकाशी थांबलो, गाडी जात होती. गाडीच्या आवाजात म्हणाल्या, "माय असती तर तिले दाखवला असता."

मग विचारलं, "टिकन किती वर्षं?"

मी म्हटलं, कागद जाड आहे, नीट धुतलाय. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल.

२४ एप्रिल, रवि.

काल अखजी, आज उद्घाटन. मांडव, ताशे, अकोल्याचे पाहुणे. हॉलमध्ये शिरताच उजवीकडे शेटजींचे वडील, डावीकडे य.बा. खिडकीचा उजेड शेटजींच्या वडलांच्या चकाकीवर पडून नुसता फेटा दिसत होता. य.बां.च्या काचेवरही पडत होता, पण चेहरा दिसत होता. मीच लावायची जागा सुचवली होती ह्यांना.

बाया आल्या. वाडीवस्तीवरच्याही आल्या, ज्यांना बोलावणं नव्हतं. फोटोपुढे थांबायच्या आणि आपसात बोलायच्या. एक म्हातारी सुनेला सांगत होती, "पाह्य व, याच डोयाइनं तुह्या नवऱ्याले पह्यल्यांदा पाह्यलं." फुलं ठेवायला जागा नव्हती तर खाली फरशीवर ठेवली.

भाषणात फोटोग्राफरचे आभार. हे उठले, नारळ घेतला. बायांच्या रांगेत कांताबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. माझ्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांपैकी एकजण वकीलसाहेबांना (ट्रस्टचे सेक्रेटरी) विचारत होता, "ही कोण? इथं समोरच?" वकीलसाहेब हळू आवाजात काहीतरी बोलले. दोघं हसले. कशाला हसले ते मला ऐकू आलं नाही.

३ मे, मंगळ.

छबीला खोकला. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेली. डावीकडची भिंत रिकामी. खिळा तेवढा.

आयाबाई म्हणाली, "पुसायले काढला असन."

रात्री ह्यांना विचारलं. जेवत होते. "मले काय माहीत," म्हणाले. वर बघितलं नाही.

६ मे, शुक्र.

कालपासून मी माहेरी होते, नांदुऱ्याबाहेर शेतावरच, आईला बघायला. आज आले तर ह्यांच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. बोटं सुजलेली, पेरांतून पाणी येत होतं.

अंधारखोलीत वास. घमेलं ओलं.

"काय केलं?"

"काम होतं."

"कोणतं काम? मी येईपर्यंत थांबलं नसतं?"

"तू केलं नसतं."

मग सगळं सांगितलं. वकीलसाहेब आले होते. ट्रस्टचं म्हणणं, फोटो जरा बरा करून द्या, चकचकीतवर, शेटजींच्या वडलांच्या जोडीचा दिसेल असा, आणि चेहरा उजळ. नाहीतर दोन्ही फोटो अकोल्याहून करून घेऊ, आणि पुढचंही सगळं तिकडूनच.

"म्हून म्या केला. तुह्या हातानं करवून घेतला नाई, एवढं तरी पाह्य."

त्यांच्या हातांना खोबरेल लावलं. लावताना ते कण्हत होते आणि मला दया येत होती आणि मारावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम.

७ मे, शनि.

निगेटिव्ह काढून बघितलं. य.बां.च्या तोंडावर, गळ्यावर, हातांवर लाल रंगाचे पोचारे. वर पेन्सिल. घाम कुठे राहिला नाही.

८ मे, रवि.

हॉस्पिटलमध्ये गेले, बघायचं म्हणून. नवा फोटो डावीकडे. चमकतोय. पायरी कापून टाकली आहे, पिशवी कापली आहे. नुसता चेहरा. गव्हाळ रंगाची एक बाई, गाल गुळगुळीत, कोणाचीही मावशी म्हणून खपेल.

तीच आयाबाई झाडत होती. "ही कोन बसवली व बाई?" मला विचारते. खाली नाव लिहिलंय, तिला वाचता येत नाही.

मी नाव सांगितलं. ती हसली. चेष्टा करते असं वाटलं तिला.

पहिला फोटो कुठे आहे विचारलं. तिला माहीत नाही. ऑफिसात कारकून म्हणाला, ट्रस्टची वस्तू आहे, ट्रस्टला विचारा.

१० मे, मंगळ.

मोठी चूक केली.

लाल रंग पाण्याने निघतो. म्हणून निगेटिव्ह भिजत घातलं. बर्फ आणायला हवा होता, खामगावला माणूस पाठवून. मे महिना, पाणी हंड्यातलंच कोमट, त्यात निगेटिव्हचा थर मऊ पडतो, आणि तेही खारं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. रंग सुटायला लागला, बरं वाटलं, कापसाने अलगद पुसलं. गालावरचा थर सायीसारखा सरकला. सुरकुती पडली, मग फाटली.

थांबवता आलं नाही. एका बाजूचा सगळा चेहरा गेला.

इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या बायका-पोरांची निगेटिव्हं धुतली, एक वाया घालवलं नाही.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जाऊ दे." मग म्हणाले, "आता तो एकच राह्यला."

एकच. जो कुठे आहे ते माहीत नाही.

१३ मे, शुक्र.

घरात बोलणं बंद. छबी मधून निरोप नेते. "बाबांना म्हणावं जेवण वाढलंय."

काउंटरवर कोणीतरी नव्या फोटोची तारीफ करून गेलं. "काय गोड दिसतात नर्सबाई." हे म्हणाले, "हाव." मीच केला असं म्हणाले नाहीत या वेळी. खरंच त्यांनी केला होता तेव्हा.

कांताबाईंना कार्ड टाकलं. काय लिहावं कळेना. "येऊन जा" एवढंच लिहिलं.

१९ मे, गुरु.

कांताबाई आल्या. सुट्ट्या लागल्यात. थेट हॉस्पिटलमध्ये जाऊन मग आमच्याकडे. म्हणजे पाहिला होता.

स्वयंपाकघरात बसल्या. मी सगळं सांगितलं, निगेटिव्हचंही. वाटलं रडतील. रडल्या नाहीत.

"त्यायले राग कशाचा आला, वहिनी? जातीचा का रंगाचा?"

मी म्हटलं, मला नक्की माहीत नाही. बहुतेक त्या बाया आल्या त्याचा. शेटजींच्या वडलांपुढे कोणी थांबलं नाही.

तेवढ्यात हे पाणी प्यायला आत आले. कांताबाई उठल्या नाहीत, पण पदर सावरला. हे म्हणाले, "मास्तरीणबाई, माह्यी मजबुरी होती."

"असन," त्या म्हणाल्या. "पण मजबुरी तुमची आणि तोंड आमच्या अक्काचं पुसलं."

हे उभेच. फडक्यातले हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. मग दुकानात गेले.

मला वाटलं राग तेवढ्यावर संपला असेल. पण मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. फोटो तुम्ही काढता, धुता तुम्ही. दुकानावर नाव कोणाचं? भाषणात नारळ कोणी घेतला? तुम्ही टाळ्या वाजवल्या वहिनी, म्या पाह्यलं. तुमचंच तुम्ही असं पुसू देता, त माह्या अक्काचं कोण राखन?"

भाकरी करपली. ती तशीच वाढली, त्यांनी तशीच खाल्ली.

२० मे, शुक्र.

दोघी शेटाणीबाईंकडे गेलो. ओसरीवर बसवलं. मला सतरंजी, कांताबाईंनाही सतरंजी, पण दुसरी. शेटाणीबाई चांगल्या बोलल्या. "मले तर जुनाच आवडला होता. पण यायनं ठरवलं." फोटो कुठे आहे विचारल्यावर इकडे तिकडे बघून म्हणाल्या, जिनच्या गोदामात असेल, हॉस्पिटलची जास्तीची खाटली-बिटली तिकडेच टाकलीत.

"देऊन टाका ना मग आम्हाले," कांताबाई म्हणाल्या.

"मी कशी देऊ बाई? माह्यं काय चालते?"

हे तर मला अगदी ओळखीचं वाक्य.

२१ मे, शनि.

गोदामाला गेलो. जिन बंद झालेत, सगळं सामसूम. पत्र्याची शेड, वरून ऊन ओतल्यासारखं. दाराला कुलूप. चौकीदार म्हणाला, किल्ली कारकुनाकडे, तो लग्नाला गेलाय, सोमवारी येईल. द्यायची की नाही ते वकीलसाहेब ठरवतील.

पत्र्याच्या फटीतून बघितलं. अंधार. मग डोळे सरावले. खाटा उभ्या करून ठेवलेल्या, सरकीची पोती, आणि पोत्यांमागे भिंतीकडे तोंड करून दोन-तीन चौकटी. एक तेवढ्या मापाची आहे. मागून काही कळत नाही.

आत हात घातला तर पत्रा पोळला. आत किती तापत असेल.

कांताबाईंनीही बघितलं. "या उन्हात राहीन का तो?"

राहील म्हटलं. कागद जाड आहे.

खरं म्हणजे माहीत नाही. एवढ्या तापात काचेला चिकटून बसला असेल तर सोडवताना निघून येईल. सरकीला उंदीर लागतात, चौकटीमागच्या डिंकाला पण लागतात. हे मी त्यांना सांगितलं नाही.

२२ मे, रवि.

कांताबाई आमच्याकडेच राहिल्यात. ह्यांनी हरकत घेतली नाही. काल अंगणात खाट टाकून दिली, त्या सुजलेल्या हातांनी. शेजारच्या काकूंनी सकाळी मला बाजूला घेऊन विचारलं, पाहुणीबाई कोणाच्या? नाव सांगितलं. आडनावही सांगितलं. काकू गेल्या. संध्याकाळचं विरजण न्यायला आल्या नाहीत.

दुपारी हे म्हणाले, "उद्या मी येऊ का संगं? वकीलसाहेबाशी बोलतो."

"काय बोलणार?"

"ते म्या नाई ठरवलं अजून."

कांताबाई छबीला पाढे विचारत होत्या, त्या थांबल्या. मी म्हटलं, यायचं तर या. पण फोटो कोणी काढला असं विचारलं तर मी सांगणार आहे. तुमच्यासमोर.

हात उलटसुलट करून बघत बसले. मग उठून दुकान उघडायला गेले. रविवारी दुपारनंतर आम्ही उघडत नाही.

येतील की नाही, ठाऊक नाही. आम्ही दोघी उद्या उन्हं चढायच्या आत वकीलसाहेबांकडे निघणार.